नाक्याच्या दगडावरची अक्षरं

रविवार, २ मार्च

आज पंधरावं ठिकाण सापडलं. सापडलं म्हणजे ते होतं तिथेच; आपणच दीडशे वर्षं उशिरा पोचलो.

दर रविवारी नात गाडी चालवते, शेजारी भूगोल बसतो, मागे मी आणि माझी रंगांची पेटी. भूगोल म्हणजे माझा बालमित्र, निवृत्त मास्तर. जुने नकाशे जमवतो. शहरापासून तासा-दोन तासांवर असं काही शोधायचं की जिथं कोणी सहल काढत नाही, हा आमचा तिघांचा उद्योग. बुजलेली विहीर, पडका पूल, गवतातला मैलाचा दगड. ही गेल्यापासून रविवार खायला उठायचा, तो आता मला उठवतो.

आज मोठा रस्ता सोडून जुन्या रस्त्याला लागलो. भूगोल नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "इथे नुसता काळा ठिपका आहे. इतके दिवस मला वाटत होतं माशीनं घाण केलीय."

ठिपका म्हणजे जुना जकात नाका निघाला. एकच दगडी खोली, दोन्ही दिशांना खिडक्या, समोर ओटा. दाराच्या वर काळ्या दगडाची शिळा. आत पंक्चरचं दुकान आणि दुकानाच्या आत संसार. मागे टायरांचा डोंगर. तिथली बाई पन्नाशीची असेल. तिच्या नवऱ्याचा आजा नाक्यावर पहारेकरी होता. नाका गेला, जकात गेली, पहारेकऱ्याचं घर राहिलं. सगळे तिला नाकेवाली म्हणतात.

"मालक कुठे असतात?" भूगोलानं विचारलं.

"ट्रकवर गेले होते. ट्रक परत आला."

मग कोनाड्यातला कागद काढून तिनं नातीपुढे धरला. जुना रस्ता रुंद होणार, सहा महिन्यांत खोली पाडणार. "मला वाचता येत नाही," ती म्हणाली, "म्हणूनच माझ्याकडे एवढे कागद येतात वाटतं."

भूगोल म्हणाला की वारसा कार्यालयात अर्ज करता येतो. बांधकाम जुनं असल्याचा पुरावा मिळाला, दगडावर लेख वगैरे असला, तर रस्ता वळवतातही. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. शिळेवर तीन ओळींच्या खुणा आहेत, पण झिजलेल्या, शेवाळलेल्या. धड अक्षरं सातच. मी अंतरं बोटांनी मोजली. ओळीला आठ-आठ अक्षरं बसावीत. कविताच असणार. रुक्ष मजकूर कोणी इतक्या नेटक्या अंतरानं कोरत नाही.

नातीनं फोटो काढले.

बुधवार, ५ मार्च

दुपारी आडवा पडलो होतो तर शाळा आठवली. डब्यांचा वास, खिडकीतून आलेलं ऊन, आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय. अर्थ कळायचा नाही, चाल कळायची. पुढचा शब्द विसरला तरी चालीत त्याची जागा मोकळी दिसायची आणि तो आपणहून येऊन बसायचा.

दगडावरची पहिली ओळ सापडली. अशीच, डोळे मिटल्यावर.

रविवार, ९ मार्च

पुन्हा नाक्यावर गेलो. भूगोल आणि नात पलीकडच्या ओढ्यावरची जुनी मोरी बघायला गेले. माझे गुडघे म्हणाले, तुम्ही जा.

पेटी उघडली. शेहेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ब्रश बरोबर नसला की खिसा कापल्यासारखं वाटतं. नुसतं शेवाळ काढावं म्हणून तारेचा ब्रश फिरवला. खपल्या निघाल्या. खाली अक्षरं होती. म्हणजे, होण्याच्या बेतात होती. कुठे अर्धा काना, कुठे नुसतं पोट. मी त्यांना हात दिला. रंग धरावा म्हणून टोच्यानं हलकी रेघ ओढली, मग रंग भरला. काळ्यात विटेची पूड आणि नाकेवालीच्या टायरांची धूळ मिसळून घेतली, कारण जुन्या दगडावर नवा रंग म्हणजे म्हातारीच्या गालाला लाली. हाताखाली काठी धरली की माझा कंप थांबतो. आज तर तो आठवलाही नाही.

नाकेवालीनं स्टूल धरलं होतं. रॉकेलचा बोळा तिनंच दिला.

"बाबा, पडाल."

"पडलो तर ठिगळ लावा."

"माणसाला लावायचं ठिगळ नाही माझ्याकडे," ती म्हणाली. मग बराच वेळ वर बघून, "काय लिहिताय?"

"लिहीत नाही हो. आहे तेच वर काढतोय."

दमलेल्या, टेक जरा,
वाटेलाही श्वास हवा,
पुढे आहे गाव तुझे.

भूगोल परत आला, मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसला. "पहारेकरी कवी होता रे," म्हणाला. मी मान हलवली.

नातीनं फोटो काढला. मग गाडीच्या बोनेटला टेकून कॅमेऱ्यातले दोन फोटो पुढे-मागे करत राहिली.

"आजोबा, नुसतं साफ केलंत?"

"साफ केलं, जरा उजळलं."

"बरं."

परतताना ती गाडी फार सावकाश चालवत होती. ऊन लागलं असावं.

मंगळवार, २५ मार्च

अर्ज गेला. भूगोलानं नकाशाची नक्कल जोडली, नातीनं फोटो. कोणते जोडलेस विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला आवडलेले."

गावातल्या छोट्या वर्तमानपत्रात चौकट आली, 'नाक्यावरची कविता'. दोन दिवसांत एका शाळेच्या बाई तीस मुलं घेऊन तिथं गेल्या आणि मुलांनी ओट्यावर उभं राहून ती म्हटली. नाकेवाली सांगत होती, आता गिऱ्हाईकं पंक्चर काढून होईपर्यंत वर बघतात, आणि तिलाही पाठ झालीय. ट्यूब पाण्यात बुडवताना म्हणते. "पहिल्यांदाच काहीतरी वाचल्यासारखं वाटतं," म्हणाली.

इतका आनंद मला माझ्या कुठल्याही पाटीनं दिला नाही. पाट्या दुकानदाराच्या असायच्या.

गुरुवार, ३ एप्रिल

कसं लिहू.

वारसा कार्यालयाच्या संशोधक बाई आज पाहणीला आल्या होत्या. वयानं नातीहून थोड्या मोठ्या. आम्ही तिघं मुद्दाम गेलो होतो, मी इस्त्रीचा सदरा घालून. बाई शिडीवर चढल्या, भिंग लावलं, छोटा दिवा बाजूनं धरला. एका अक्षराचा कोपरा खरवडून नाकाशी नेला. खाली उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"हा रंग महिन्याभरापूर्वीचा आहे. जुना दिसावा म्हणून विटेची पूड मिसळलीय. रेघा ताज्या टोच्याच्या आहेत. कोणी अडाण्यानं केलेलं नाही हे. ठरवून केलंय."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, काम सफाईचं आहे.

"इथं कोण राहतं?"

"मी," नाकेवाली म्हणाली.

"खोली वाचली तर फायदा तुमचाच?"

"माझाच."

"कोणी लिहिलं हे?"

नाकेवाली ट्यूब बुडवायच्या पाण्याकडे बघत होती. "मला लिहिता येत नाही, मॅडम."

"लिहवून घेता येतं."

तिनं ट्यूब पाण्यात दाबली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

अर्ज रद्द होणार. वर पुराव्यात फेरफार केल्याची तक्रार तिच्या नावानं जाणार, आणि तशी तक्रार असली की सहा महिन्यांची मुदतही मिळत नाही, पंधरा-वीस दिवसांत खोली रिकामी करावी लागते. बाई हे सगळं शांतपणे सांगत होत्या. मी ओट्यावर उभा होतो, चार पावलांवर. बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते एवढंच: "प्यायला पाणी मिळेल का?"

नाकेवालीनंच आणून दिलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

काही नाही.

रविवार, ६ एप्रिल

गाडी काढली नाही. नातीचा फोन आला, डोकं दुखतंय म्हणाली. चालत भूगोलाकडे गेलो. त्यानं दार उघडलं, नकाशे गुंडाळून कपाटावर टाकले होते.

"तू लिहिलंस?"

"उजळलं."

"अरे पेंटर, होती किती अक्षरं?"

"सात."

"आणि झाली किती?"

"चोवीस."

तो खुर्चीत बसला.

"बाकीच्या ठिकाणी हात लावलायस?"

"मैलाच्या दगडाला. विहिरीच्या पायरीला थोडा. आणि पुलावरच्या सालाला."

"सालाला!"

"साल दिसलं नाही तर लोक थांबत नाहीत रे."

"आणि मी ते साल धरून दोन लेख लिहिले," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडलो असतो. मग म्हणाला, "गप्प बस. तू बोललास तर पंधराही ठिकाणं खोटी ठरतील. जी खरी आहेत तीसुद्धा. ठिकाणांची पाच वर्षांची वही आहे आपली. आणि तिला काय, मिळेल घर कुठेतरी."

"कुठे?"

"कुठेतरी."

"तू भूगोलाचा मास्तर, आणि कुठेतरी म्हणतोस?"

त्यानं चहा टाकला. दोघांनीही प्यायला नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

कार्यालयाला पत्र लिहायला बसलो. पहिलं वाक्य फार सुंदर झालं. ते इतकं सुंदर झालं की खाली खरं लिहिणं शोभेना. फाडलं. दुसरं लिहिलं, त्यात 'अनवधानाने' हा शब्द आला. अनवधानानं माणूस स्टुलावर चढून दोन तास विटेची पूड घोटत नाही. तेही फाडलं.

खरं काय आहे? मी शिळेला हात लावला तेव्हा तिथं कविता नव्हती हे मला ठाऊक होतं का? आठवतोय तर तिथं एक गुळगुळीत जागा आठवते आणि माझ्या हाताखालची काठी. जागा रिकामी होती. मला रिकामी जागा सोसत नाही. पाटीवर तसं चालत नाही, गिऱ्हाईक पैसे देत नाही. पण इथं गिऱ्हाईक कोण होतं?

मीच.

पहिला फोटो नातीकडे आहे. सात अक्षरांचा. हे आज दुपारी एकदम लक्षात आलं.

मंगळवार, १५ एप्रिल

बसनं एकटा कार्यालयात गेलो. पेटी घेऊन. पहारेकरी म्हणाला, "काका, गळती काढायला आलात का?"

संशोधक बाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितलं: ते काम माझं. नाकेवालीनं करवून घेतलं नाही, तिला काय लिहिलंय हेही कळत नव्हतं. मी एवढं बोललो तोवर बशीत अर्धा चहा सांडला होता. हात आजकाल असाच आहे.

बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. "आजोबा, तुमचं मन मोठं आहे. पण त्या रेघा मी जवळून पाहिल्यात. कुठे कापलेल्या नाहीत. हा हात तो नव्हे."

"माझाच आहे."

"त्यांनी पाठवलंय का तुम्हाला?"

"कोणी पाठवलेलं नाही हो."

"घरी कोणाला माहीत आहे तुम्ही इथं आलात ते?" असं त्यांनी इतक्या मऊ आवाजात विचारलं की माझ्या कानशिलात बसली. आयुष्यात पहिल्यांदा गुन्हा कबूल करायला गेलो, तर मलाच घरी पोचवायला निघाल्या.

मग मी त्यांच्या टेबलामागचा पुठ्ठ्याचा खोका मागितला. भिंतीला टेकवून उभा केला. डबी उघडली, रंग घोटला, डाव्या हातात काठी आडवी धरली, तिच्यावर उजवं मनगट ठेवलं. हात थांबला. तिसरी ओळ लिहिली. खोलीतले कारकून उठून मागे येऊन उभे राहिले. एकजण म्हणाला, "बाप रे." मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खोटं का बोलू, बरंही वाटलं. ते बरं वाटणं मला क्षमा करता येत नाही.

बाईंनी नाक्याचा फोटो खोक्याशेजारी धरला. एकेक अक्षर ताडून पाहिलं.

"किती वर्षं केलंत हे काम?"

"शेहेचाळीस."

"मला वाटलंच होतं की त्या बाईनं कोणीतरी तयार माणूस आणलाय."

"आणला नव्हता. मी आपणहून गेलो."

"तुम्ही खाली काय पुसलंत, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर."

जबाब लिहून घेतला. मैलाचा दगड, विहीर आणि पूलही लिहायला लावले. नाकेवालीच्या नावची तक्रार मागे घेतील, मुदतही परत मिळेल. अर्जाचं विचारलं तर म्हणाल्या, दगड साफ केल्यावर तो स्वतः काय म्हणतो ते बघू. आमच्या वहीतली पंधराही ठिकाणं पुन्हा तपासणार. संध्याकाळी भूगोलाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि ठेवला.

बुधवार, १६ एप्रिल

नात आली. मी सांगायच्या आधीच म्हणाली, "मला माहीत होतं, आजोबा. दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"आजी गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा गाडीत गाणं म्हणत होता."

"आणि त्या बाईवर आलं तेव्हा?"

तिनं तोंड फिरवलं. तिला बोल लावायला मी कोण? तिनंही मला उजळूनच ठेवलं होतं. पहिला फोटो तिनं आज सकाळी कार्यालयात पाठवला. उशिरा, म्हणाली. घराण्यात आहे, मी म्हणालो. ती हसली नाही.

सोमवार, २८ एप्रिल

आज दगड साफ केला. बाईंनी मला बोलावलं होतं, पण दोरीच्या बाहेर उभं राहायच्या अटीवर. कापसाचे बोळे, कसलंसं पाणी, आणि दोन मुली सकाळपासून एकेका अक्षराला अर्धा-अर्धा तास देत होत्या. माझं 'वाटेलाही' दुपारपर्यंत बोळ्यावर आलं. मग दिवा आडवा धरून बाईंनी वाचलं:

भरल्या गाड्या डावीकडे
रिकाम्या गाड्यांनी
जनावरांना पाणी मागे

मधली ओळ तिथंच तुटते. पुढे तारेच्या ब्रशचे ओरखडे आहेत, त्यांच्यावर माझा टोचा. खाली काही उरलेलं नाही.

कविता नव्हती. सूचना होती, कुठल्याही फाटकावर असते तशी. मला वाटलं होतं मी रडेन. त्याऐवजी मनात आलं की ज्यानं कोरलं त्यानं अंतरं फार नेमकी राखलीत.

बाई म्हणाल्या, "मागे म्हणजे?" आणि सगळे मागे गेले. तिथं टायरांचा डोंगर. नाकेवाली कमरेला पदर खोचून पुढे झाली. दोन तास टायर काढत होतो. मीही काढले, त्याला कोणी हरकत घेतली नाही. सगळ्यात तळाशी दगडी हौद निघाला, एकाच शिळेत कोरलेला, बैलाच्या मानेएवढ्या उंचीवर काठ झिजून वाटोळा झालेला. पन्नास जनावरं तरी रोज तिथं मान घासत असतील, तेव्हा असा होतो. बाईंनी त्या काठावरून हात फिरवला आणि कोणाशी न बोलता मोजमापं घ्यायला लागल्या.

भूगोल आला नव्हता.

रविवार, ४ मे

बसनं नाक्यावर गेलो. बस जुन्या रस्त्यानं जात नाही, शेवटचा तुकडा चाललो.

नाकेवाली सायकलचं चाक फिरवून बघत होती. मी ओट्यावर बसलो. ती बसा म्हणाली नाही, उठा म्हणाली नाही.

"काही कळलं का?" मी विचारलं.

"हौद लिहून नेलाय. मॅडम म्हणाल्या, हौदामुळे अर्जात जीव आलाय. पण रस्त्याचे साहेब वेगळे. त्यांचा कागद अजून कोनाड्यातच आहे." तिनं चाक थांबवलं. "मुदत मिळाली तेवढी मिळाली."

"माझं नाव का घेतलं नाहीत त्या दिवशी?"

"तुम्ही चार पावलांवर होता."

ती ट्यूब पाण्यात घालून पिळत राहिली. एका जागी बुडबुडे आले, तिथं तिनं खडूनं खूण केली.

"तुम्ही सांगाल असं वाटलं," ती म्हणाली. "बारा दिवस वाटलं. तेराव्या दिवशी मी भांडी बांधली, आणि संध्याकाळी मॅडमचा माणूस आला. भांडी अजून बांधलेलीच आहेत. सोडायचा धीर होत नाही."

मला काही सुचलं नाही. सुचलं असतं तर ते छान असतं आणि तिच्या काही कामाचं नसतं.

"ती कविता म्हणता का अजून?" मी विचारून बसलो.

"नाही." मग ट्यूब पुसत, "पोरं येतात शाळेची, ती म्हणतात. त्यांना सांगितलं, ते दगडावर नव्हतं. म्हणतात, पाठ झालंय."

ती आत गेली. मी ओट्यावरून वर पाहिलं. उन्हं तिरकी झाली होती, तेव्हा अक्षरं चांगली उठतात. पहिली ओळ. तिसरी ओळ. मधल्या ओळीत 'गाड्यांनी'च्या पुढे हाताच्या पंजाएवढी जागा, नुसती ओरखड्यांची. दीडशे वर्षं पावसानं जे ठेवलं होतं ते मी एका सकाळी काढून टाकलं. संशोधक बाईंनी त्यांच्या नोंदीत तिथं तीन ठिपके दिले आहेत आणि पुढे लिहिलंय, 'नष्ट'.

तीन किंवा चार अक्षरं मावतील. रिकाम्या गाड्यांनी काय करावं, हे मला बसल्या बसल्या सुचलं. आधीच्या आणि नंतरच्या ओळीशी चपखल बसतं. भूगोलालाही पटेल, बाईंनाही पटेल कदाचित.

इथंही लिहीत नाही.